काळोखाचा फोटो

ऐन उन्हाळ्यात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुणालाही ‘धरणात पाणी किती?’ असे विचारा. तो सहज सांगून जाईल, ‘उणे पंचेचाळीस.’ परगावच्या माणसाला वाटते, हा काश्मीरच्या थंडीबद्दल बोलतो आहे. पण उजनीचा हिशेबच तसा आहे. या धरणाच्या पोटात एकूण ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी ‘मृत’ समजायचे, वर उरेल ते ‘उपयुक्त’, आणि टक्केवारी मोजायची ती उपयुक्ताची. उपयुक्त संपले की शून्य, आणि त्याखाली मृताला हात घातला की उणे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या ‘मृत’ शब्दाची नेहमी गंमत वाटते. कारण हे मृत पाणीच मे महिन्यात सोलापूरकरांची तहान भागवते!

धरण पुरे झाले १९८० साली. माझा जन्मही त्याच सुमाराचा. त्यामुळे आमच्या घरी माझे वय कुणी विचारले की आई ‘धरणाएवढा’ म्हणायची. आमचे मूळ गाव पळसदेव, इंदापूर तालुक्यातले. जुने गाव पाण्यात गेले, माणसे वर नव्या गावठाणात आली, आणि पळसनाथाचे जुने देऊळ मात्र होते तिथेच राहिले. देव तेवढा नव्या देवळात आणला. मी वाढलो नव्या गावात, नोकरीला लागलो टेंभुर्णीत. जुने गाव मी कधी पाहिले नाही. पाहिले ते एवढेच, की पाणी ओसरू लागले म्हणजे दूरवर शिखराचे टोक दिसू लागते आणि वडील हमरस्त्यावरून जाता जाता एसटीच्या खिडकीतून तिकडे बोट दाखवतात. पुढे वडील गेले. बोट दाखवणारे कुणी राहिले नाही.

राहिली ती आत्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती टेंभुर्णीला आली आणि इथलीच झाली. मी या गावात नोकरी पत्करली त्याचे निम्मे कारण आत्या, आणि उरलेले निम्मे म्हणजे दुसरीकडे कुणी नोकरी दिली नाही हे. टेंभुर्णी हे तसे चार दिशांना जाणाऱ्यांचे गाव आहे. पुण्याचा, सोलापूरचा, पंढरपूरचा, करमाळ्याचा, ज्याला जिकडे जायचे तिकडचा रस्ता इथून फुटतो. आणि गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकून पडला नाही तर माणूस तिकडे पोहोचतोही. थांबणारे थोडे. आत्या त्यांपैकी एक.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नासाच्याही खाली गेले. पळसनाथाचे देऊळ पायापर्यंत उघडे पडले. वर्तमानपत्रांत फोटो आले, मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. त्यातली एक मी आत्याला दाखवायला नेली. आत्याचा एक डोळा काचबिंदूने गेलेला. दुसऱ्याचा मोतीबिंदू काढला आहे. पण त्यातही काचबिंदूने शिरकाव केला आहे, आणि डॉक्टर दर खेपेला थेंबांची बाटली बदलून देतात यापलीकडे काही बोलत नाहीत. तिने मोबाइल नाकाजवळ नेला, हलवला, परत दिला.

“ह्ये समदं भायरनं हाय रं,” ती म्हणाली. “आत गेल्यावर दिसायचं त्ये कुणी काडलं न्हाई?”

“काय दिसायचं आत?”

“मंडपात हुबं ऱ्हायचं. हिकडं खांब, तिकडं खांब, ह्या अंगाला गाभारा, आन् त्या अंगाला दार. दारातनं नदीवरलं ऊन. समदं एका टायमाला दिसायचं. तसं काडून आन की. तुज्याकडं येवडा कॅमेरा हाय.”

कॅमेरा आहे खरा. सातव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा मी तो घेतला, आणि त्याबद्दल घरी अद्याप अधूनमधून बोलून दाखवले जाते. आजवर त्याने कॉलेजची स्नेहसंमेलने आणि भिगवणकडचे रोहित पक्षी टिपले. एवढ्या भांडवलावर मी ‘हो’ म्हणून बसलो. आत्याने साधी गोष्ट मागितली असे मला वाटले होते. तिने मागितली होती छायाचित्रकलेतली सगळ्यात अवघड गोष्ट.

त्याचे असे आहे. मंडपात उभ्या असलेल्या आत्याला, म्हणजे तेव्हाच्या पोरसवदा मुलीला, खांबही दिसत आणि दारातले ऊनही दिसे. कारण माणसाचा डोळा एका वेळी एवढेसेच नीट पाहतो आणि भिरभिरत राहतो. उन्हाकडे वळला की बाहुली आवळतो, अंधाराकडे वळला की मोठी करतो, आणि हे सगळे तुकडे मागे मेंदू असा बेमालूम जोडतो की आपण एकच चित्र पाहिले असे वाटते. कॅमेरा बिचारा एकदाच पापणी उघडतो. तेवढ्यात जेवढा उजेड आत आला तेवढ्यावर त्याला सगळे भागवायचे असते. दाराबाहेरचे ऊन बेतात घ्यावे तर मंडप डांबरासारखा काळा. मंडप दिसेल असे करावे तर दार म्हणजे नुसती पांढरी भगभग. अंधारापासून उजेडापर्यंतचा जेवढा पल्ला डोळ्याला पेलतो तेवढा एका फोटोला पेलत नाही. आणि जो काही पेलतो, तोही कागदावर उतरताना आणखी आखडतो.

यावर तोड काढण्याची खटपट फोटोच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८५० नंतरच्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा एक फ्रेंच माणूस समुद्राचे फोटो काढत असे. लाटा उमटाव्यात तर आभाळ पांढरे पडे. मग त्याने युक्ती केली. लाटांची एक काच, आभाळाची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा जुळवून एक फोटो. लोक थक्क झाले. आज संगणक करतो ते तत्त्वतः हेच, फक्त गणिताने. १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच दृश्याचे कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो घेतले, तर त्यांवरून त्या दृश्यातल्या प्रत्येक बिंदूवर खरोखरी किती प्रकाश होता हे कसे काढायचे, ते त्यांनी त्यात दाखवले. यातले मलिक मथुरेत जन्मलेले, कानपूरच्या आय. आय. टी. त शिकलेले. मला गणित कधी आले नाही; पण ‘खरोखरी किती प्रकाश होता’ हे शब्द वाचून मी हरखलो.

आत्याला हवे होते ते एवढ्यावर भागणारे नव्हते. ‘हिकडं खांब, तिकडं खांब’ असे एका भिंगात मावत नाही. त्यासाठी तिपाईवर कॅमेरा उभा धरून थोडा थोडा फिरवत तुकडे घ्यायचे आणि मागाहून शिवायचे. प्रत्येक तुकड्याने शेजारच्याचा तिसरा हिस्सा तरी पांघरला पाहिजे, नाहीतर संगणकाला सांधा सापडत नाही. शिवाय आणखी एक खोच आहे. नाकासमोर अंगठा धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग डावा. अंगठा भिंतीवरून उडी मारतो. कॅमेरा आपल्या तिपाईच्या खिळ्याभोवती फिरला की जवळचे खांब तशाच उड्या मारतात, आणि शिवणीवर खांबाला दोन गुडघे फुटतात. म्हणून कॅमेरा मागे सरकवून असा बसवायचा की फिरताना भिंगातला तो विशिष्ट बिंदू, ज्यातून सगळे किरण शिरताना दिसतात, तो जागचा हलू नये. याच्या तयार पट्ट्या मिळतात. किंमत ऐकून मी त्या नादाला लागलो नाही. आमच्या चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टी कापून, तिला लांबट भोक पाडून घेतले. घरी दारात एक काठी आणि अंगणापलीकडे विजेचा खांब यांची रेष धरून, कॅमेरा डावीउजवीकडे फिरवला तरी दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत अशी जागा शोधली. त्यात एक रविवार गेला. सौ. दोनदा बाहेर येऊन पाहून गेली आणि काही न बोलता आत गेली. ते न बोलणे मी ऐकले.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा पुतण्या पहाटे निघालो. काही अंतर होडीने आणि पुढे वाळलेल्या गाळातून पायी. गाळाला हातहात रुंद भेगा पडल्या होत्या. होडीवाला चिलापी माशांची जाळी आवरत होता. त्याने आमची तिपाई पाहून विचारले, “मोजणी हाय का?” धरणाकाठच्या माणसाला तीन पायांचे यंत्र दिसले की हेच सुचते. त्याच्या बापजाद्यांच्या जमिनीवर ते एकदा येऊन गेलेले असते.

देवळाबद्दल लिहायचे तर पुष्कळ आहे, आणि शिल्प जाणणाऱ्यांनी ते लिहावे. मला आठवतो तो वास. ओल्या मातीचा, शंखशिंपल्यांचा, थोडा माशांचा. चाळीसहून अधिक वर्षे ज्यात मासे फिरले त्या मंडपात मी बूट काढून शिरलो. आत काहीच दिसेना. बाहेर इतके ऊन होते की दारातून आल्यावर डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचू लागले.

काम सुरू केले. सात दिशा, आणि प्रत्येक दिशेला सात फोटो. पहिल्यात कॅमेऱ्याची पापणी सेकंदाचा पाचशेवा भाग उघडी, म्हणजे दारातले ऊन जिरेल; मग प्रत्येक वेळी चौपट करत करत शेवटच्यात पुरे आठ सेकंद, म्हणजे गाभाऱ्याच्या कोपऱ्यातली कोळिष्टकेही उमटतील. दोहोंत अंतर चार हजार पटींचे! बाकी काही म्हणजे काही बदलायचे नाही. भिंगाचे छिद्र तेच, नजर तीच, रंगाचा तोल तोच. सगळी स्वयंचलित शहाणपणे बंद. एकही चावी यंत्राच्या मर्जीवर राहिली तर शिवताना गोधडी होते.

चौथ्या दिशेला पोहोचलो आणि बाहेर ढग आला. मेमध्ये ढग येऊ नये असा काही नियम नाही, पण तो तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या मध्ये येऊ नये एवढी माझी अपेक्षा होती. दारातले ऊन मऊ पडले, गाळावरून उसळून छताला लागलेला पिवळा उजेड विझला. थांबलो. ढग गेला तशी पर्यटकांची एक टोळी आत आली. आठ सेकंदांच्या फोटोत चालती माणसे विरघळून जातात, पण ही मंडळी चालेनात. खांबाला टेकून आपापले फोटो काढू लागली. त्यांना जा म्हणण्याचा मला काय अधिकार? मी म्हटले, “आमचं गाव आहे हो हे.” त्यातला एक सभ्यपणे म्हणाला, “वा! छान आहे.”

एकोणपन्नास फोटो घेऊन परतलो. खरी दमछाक पुढेच होती.

पहिल्या रात्री मी प्रत्येक दिशेचे सात फोटो एकत्र केले, प्रत्येकाचा उजेड संगणकाकडूनच सारखा करून घेतला, आणि मग ते सात तुकडे शिवले. गोधडी झाली! कारण यंत्राने प्रत्येक तुकड्याचा न्याय वेगळा केला होता. जिथे दार होते तो तुकडा त्याने दाबला, जिथे नुसता अंधार होता तो उजळला. मग कळले की नुसते एकत्र करून, प्रकाशाचा सगळा हिशेब आहे तसा कच्चा ठेवून, आधी शिवायचे. आणि संपूर्ण चित्राला एकदाच काय तो उजेड-अंधाराचा मेळ घालायचा. शिवायला मी हगिन नावाची फुकट मिळणारी आज्ञावली वापरतो. ती गरीब शिक्षकांसाठीच काढली असावी असा माझा समज आहे.

दुसरी भानगड भुतांची. माझा पुतण्या एका फोटोत उभा, दुसऱ्यात वाकलेला, तिसऱ्यात गायब. सातांची बेरीज केल्यावर खांबाशेजारी त्याचा अर्धपारदर्शक पिंड उरला, पायात फक्त एक चप्पल. संगणकाच्या भाषेतही याला ‘भूत’च म्हणतात, आणि भूत उतरवायची सोयही असते. मी ती वापरून त्याला पुरा काढून टाकला. पर्यटक काढले. पाकोळ्या काढल्या. मंडप निर्मनुष्य झाला.

आणि मग मला उजेडाची चटक लागली. एक सरकपट्टी असते, ती उजवीकडे ओढली की सावल्या उघडतात. थोडी ओढली, खांबांवरची घडाई दिसली. आणखी ओढली, छताचे दगड. आणखी ओढली, तर गाभारा! कोपऱ्यातला गाळ, भिंतीवर पाण्याने सोडलेल्या रेषा, सगळे लख्ख. खांबांभोवती फिकट वलये आली, कॅलेंडरावरच्या देवांच्या प्रभावळीसारखी, ती मी तास तास बसून पुसली. आठ रात्री हा उद्योग चालला. मला वाटत होते, आपण अंधारातून गाव बाहेर काढतो आहोत. खरे सांगायचे तर तोवर माझ्या डोक्यातून आत्या थोडी बाजूला सरकली होती, आणि पुण्याच्या एका छायाचित्र-प्रदर्शनाची जाहिरात आत शिरली होती.

सोलापुरात चार फूट लांबीची प्रत छापून घेतली आणि आत्याच्या पुढ्यात सतरंजीवर पसरली. ती हातावर रेलून वाकली. एका डोळ्याने डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे आली.

“ही राख कसली पसरलीय समदीकडं?”

मला धक्काच बसला. पण तिचे खरे होते. काचबिंदू झालेल्या डोळ्याला गडद-फिक्यातले थोडे थोडे फरक कळत नाहीत. त्याला काळे हवे आणि पांढरे हवे. मी सावल्या उपसून आणि ऊन दाबून सगळे एका पातळीला आणले होते. तिच्या लेखी त्यात काहीच उरले नव्हते. मी बोट धरून दाखवले, हा खांब, हे दार, हा गाभारा.

“गाभारा?” तिने नाक कागदाला टेकवले. “ह्यो न्हवं. गाभाऱ्यात अंधार हुता.”

“अंधार होताच आत्या. मी उजेड केला. बघ, सगळा कोपरा न् कोपरा दिसतोय.”

“काय दिसतोय?”

मी पाहिले. गाळ दिसत होता. रिकामी जागा दिसत होती.

“देव हलिवला तिथनं,” आत्या म्हणाली. “त्या दिशी मी म्हायेरी आल्ते. समदी बाप्ये मिरवनुकीसंगं वर गेली. आयी एकलीच मागं ऱ्हायली. मी बोलवाय गेले, तर मंडपात हुबी. म्हटलं, आयी, चल की, देव गेला वर. तर म्हनली, हितनं दिसत न्हाई गेला का ऱ्हायला त्ये.” ती थांबली. “अंधारच हुता ना. खरंच दिसत न्हवतं.”

मी कागद गुंडाळू लागलो. ती म्हणाली, “असू दे रं, चांगला काडलायस,” आणि सुनेला चहा टाकायला सांगितले. आजीची ही गोष्ट वडिलांनी मला कधी सांगितली नव्हती. बहुधा त्यांना ती माहीतच नसावी. ते मिरवणुकीत पुढे असणार.

वर्गात मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगतो. इंग्रज ज्याला फोटोग्राफ म्हणतात त्या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाशाने लिहिलेले असा आहे. मराठीने मात्र नाव ठेवले छायाचित्र. आजवर हे मी भाषेची गंमत म्हणूनच सांगत आलो.

पुन्हा जाऊन नव्याने फोटो घ्यावेत असे फार वाटले. पण त्याच महिन्याच्या २१ तारखेला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. त्यानंतर मी घरी होडीचे नावही काढले नाही. मग पाऊस लागला. शिखर तेवढे वर राहिले, आणि ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरले. उण्याचे अधिक झाले. आता जे काय करायचे ते त्या एकोणपन्नास फोटोंतच.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा बसलो. सगळा कच्चा हिशेब तसाच होता. सरकपट्टी या खेपेस डावीकडे नेली. गाभाऱ्याचे दार काळे केले, कोळशासारखे. उंबऱ्याची तेवढी कड राहू दिली. खांबांना एका अंगाने ऊन लागले होते ते राखले, दुसरे अंग सोडून दिले. दारातले ऊन पांढरे होऊ दिले नाही, पण डोळा दिपेल इतके ठेवले, आणि त्यात पलीकडच्या पाण्याची एक रेघ. हे सगळे करायला आठ सेकंदांचे फोटो लागलेच नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. नुसता काळा रंग आणि दगडातला अंधार यांत फरक असतो. अंधारात काहीतरी असल्याचा भास राहावा लागतो, आणि तो भास मला त्या आठ सेकंदांनीच पुरवला. पुतण्यालाही परत आणला. एका तुकड्यातला, वाकलेला, खांबाला हात लावून उभा. माणसाशिवाय खांबाची उंची कळत नाही, हे मी सौ.ला कारण सांगितले.

पुण्याच्या प्रदर्शनाची मुदत केव्हाच टळून गेली होती.

ती प्रत आता आत्याच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर आहे. तिने ती प्रथम पाहिली तेव्हा फार काही बोलली नाही. डोळा उजवीकडून डावीकडे नेत गाभाऱ्याच्या काळ्या चौकोनाशी आली आणि तिथे बराच वेळ राहिली. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला.

येणारेजाणारे मात्र फोटोखाली उभे राहतात आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, “मास्तरांचा फोटो जरा काळाच आलाय.” मी गप्प बसतो. आत्या आतून ओरडते, “दम धरा की वाईच. डोळं सरावू द्या.”